वरून बघायचा कॅमेरा

माझ्या पहिल्या कॅमेऱ्यात बघायला मान खाली घालावी लागायची. हे सांगितलं की माझी नात म्हणते, "आजी, मोबाइलमध्ये बघायलाही मान खालीच घालतात की." खरं आहे तिचं, पण ते वेगळं. तो कॅमेरा म्हणजे एक उभा डबा. पुढे दोन भिंगं, एकाखाली एक, आणि डोक्यावर झाकण. झाकण उघडलं की आत एका धुरकट काचेवर समोरचं सगळं दिसायचं, पण आरशातल्यासारखं, डावीकडचं उजवीकडे. पट्टा गळ्यात अडकवायचा, कॅमेरा पोटाशी धरायचा आणि विहिरीत डोकावतो तसं आत बघायचं. समोरून बैलगाडी डावीकडे निघाली की काचेत ती उजवीकडे पळायची. मी तिच्या मागे कॅमेरा फिरवायला जायचे आणि गाडी पार हातची निघून जायची. सुरुवातीचे किती फोटो मी असे नुसत्या धुळीचे काढलेत. तरी मला तो कॅमेरा फार आवडायचा. कुणाच्या डोळ्यांत न बघता त्याच्याकडे बघता यायचं ना, म्हणून.

आई गेली, तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मामा आले होते, त्यांनी तो दिला. सगळी माणसं जेवून गेली होती, मी मोरीत भांडी घासत होते आणि मामा दारात येऊन उभे राहिले. "सुजे, हा ठेव. भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा यातून बघ काहीतरी." मी तेव्हा कॉलेजात होते. आई शाळेत शिक्षिका होती, तिच्या नोकरीमुळेच आम्ही नाशकात राहायचो, द्वारका चौकाजवळ दोन खोल्यांत. आता तिथून डोक्यावरून उड्डाणपूल गेलाय. मागे एकदा रिक्षातून उतरून मी आमची जागा शोधायला गेले, तर नुसती हॉर्न ऐकत उभी राहिले. हॉर्न मात्र तेच. तेव्हाही मुंबईकडून येणारे, धुळ्याकडे जाणारे सगळे ट्रक आमच्या भिंतीला कान लावून गेल्यासारखे जायचे, मांडणीवरची भांडी थरथरायची. बाहेर एवढा गलका आणि आत आम्ही दोघं, मी आणि नाना. आत आवाज फक्त स्टोव्हचा.

नाना म्हणजे माझे वडील. लासलगावच्या मार्केट यार्डात नोकरीला होते. पहाटेची पॅसेंजर पकडायला अंधारातच घर सोडायचे, मी उठायच्या आत. उशाशी पाण्याचा तांब्या रिकामा दिसला की समजायचं, नाना गेले. संध्याकाळी परत यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला कांद्याचा आणि मातीचा वास असायचा. पाय धुवायचे, गरम पाण्यात मीठ-हळद घालून गुळण्या करायचे, गालात ज्येष्ठमधाची काडी धरायचे आणि खाटेवर बसायचे. मी भाकरी टाकायचे. बाजरीची भाकरी, कांद्याची पात घालून केलेलं पिठलं, आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. कांद्याला आमच्या घरी कधी तोटा नव्हता. तोटा होता तो बोलण्याला. "जेवलीस?" "हो." "अभ्यास?" "झाला." "बरं." झालं. संपला दिवस. आई होती तेव्हा दिवेलागणीला तिघं मिळून बुद्धवंदना म्हणायचो. नानांचा आवाज खालच्या पट्टीत, आईचा वर, आणि मी मधे कुठेतरी. आई गेल्यावर मी एकटीच म्हणायचे आणि नाना नुसते हात जोडून बसायचे. ओठसुद्धा हलायचे नाहीत त्यांचे. मी मनाशी धरून चालले होते की आई नाही तर या माणसाला माझ्याशी बोलण्यासारखं काहीच उरलेलं नाही. यार्डात कुठेतरी टेबलाशी बसून ते पावत्या लिहीत असतील, तिथेही असेच गप्प, असं माझं चित्र होतं. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

कॅमेरा क्लबमध्ये मी गेले ती रोल धुवून मिळतो म्हणून. आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डवर कागद लावलेला होता. शनिवारी संध्याकाळी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात दहा-बाराजण जमायचे. कुणी बँकेतले, कुणी एलआयसीतले, एक दाताचे डॉक्टर. मुलगी मी एकटीच. क्लब चालवायचे ते गोगटे सर, त्याच शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांनी घरच्या न्हाणीघराची डार्करूम केली होती. तांबडा दिवा, तीन ट्रे, आणि बाहेरून सरांच्या बायकोची हाक, "अहो, मला आंघोळ करायची आहे, तुमचे फोटो आवरा!" आणि दुसरे लक्षात राहिलेले म्हणजे फिरोजभाई. मेनरोडला त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून लावून त्यांचा एक डोळा कायम बारीक झालेला, त्यामुळे ते सतत फोटो काढतायत असंच वाटायचं.

क्लबची एक रीत होती. महिन्यातून एकदा सगळ्यांनी आपापला एक फोटो आणायचा, मागे नाव नाही, नुसता आकडा. वर्गात सुतळी बांधलेली असायची, तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी फोटो टांगायचे. मग एकेका फोटोवर सगळ्यांनी बोलायचं. ज्याचा फोटो असेल त्यानं मात्र तोंड उघडायचं नाही. कुणी काही चुकीचं समजलं तरी नाही, कुणी वाट्टेल ते बोललं तरी नाही. सगळ्यांचं बोलून झालं की सर विचारायचे, "कुणाचा?" तेव्हा उभं राहायचं, तेही नुसतं उभं राहायचं. सर म्हणायचे, "तुम्हाला जे सांगायचं होतं ते फोटोत सांगून झालंय. आता ऐका." तुम्हाला सांगते, मी आज एवढी बडबडी आहे, पण त्या वेळी मला ती रीत पेढ्यासारखी गोड लागायची. दहा मिनिटं एक आख्खा वर्ग मी केलेल्या गोष्टीबद्दल बोलतोय! बरं बोलोत की वाईट. आठवडाभर घरात "बरं"च्या पलीकडे शब्द नाही, आणि इथे माणसं माझ्या एका पायरीच्या फोटोवरून भांडतायत. मी मागच्या बाकावर बसून ते नुसती पीत राहायचे.

पण माझ्या फोटोंत एक गोम होती. माणूस नसायचा. धुऊन गेलेला घाट, शाळेतली खुर्ची, बंद दुकानाची फळी, दोरीवरचा एकटा सदरा. कुणाला "उभे राहा, तुमचा फोटो काढते" म्हणायची मला हिंमतच व्हायची नाही. नाव नसलं तरी सगळे ओळखायचे. फिरोजभाई एकदा म्हणाले, "क्यों भई, नाशिकमधली सगळी माणसं गावाला गेलीत काय? निदान खुर्चीवर मांजर तरी बसवा!" सगळे हसले. मीही हसले, गुपचूप, नियम मोडू न देता. सर हसले नाहीत. निघताना मला म्हणाले, "सुजाता, पुढच्या महिन्यात पुण्याचे पाहुणे येणार आहेत फोटो बघायला. तेव्हा मला तुझ्याकडून एक चेहरा पाहिजे. खुर्ची आणलीस तर मी टांगणार नाही." चेहरा आणायचा कुठून? घरी एकच चेहरा होता, आणि तो भिंतीकडे तोंड करून बसलेला असायचा.

त्याच महिन्यात क्लबची सहल ठरली, लासलगावला, कांद्याचा लिलाव बघायला. मी रात्री जेवताना नानांना सांगितलं. "नाना, उद्या आमच्या क्लबची माणसं तुमच्या यार्डात येणार आहेत. मी पण." नानांनी गालातली काडी या बाजूची त्या बाजूला केली.  मग म्हणाले, "लांब उभी राहा. ट्रॉल्या मागं येतात." एवढंच. मला त्यातलं "लांब उभी राहा" तेवढं ऐकू आलं.

लासलगावला उतरलो तर सगळा यार्ड कांद्यानं भरलेला. ट्रॅक्टर, बैलगाड्या, रांगाच्या रांगा, मधे धूळ, आणि त्या धुळीतून कोवळं ऊन. लाल कांदा असा चमकत होता की गोगटे सर लहान मुलासारखे ओरडले, "बघा, काय रंग आहे! काय रंग आहे!" फिरोजभाई कॅमेऱ्याचं झाकण लावत म्हणाले, "सर, आपण सगळ्यांनी रोल तर काळा-पांढरा भरलाय. आता घरी जाऊन बटाटे म्हणून दाखवायचे का?" एकमेकांच्या तोंडाकडे बघत सगळे उभे. कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मग जो तो कुठे कुठे पांगला. मी एका ट्रॉलीच्या आडोशाला जाऊन उभी राहिले, लांब, सांगितलं होतं तसं.

तिथे लिलाव असा चालतो की व्यापाऱ्यांचा एक घोळका या ट्रॉलीवरून त्या ट्रॉलीवर सरकत जातो आणि त्यांच्या मधे लिलाव पुकारणारा असतो. त्याचा आवाज आधी येतो, माणूस मागून. माझ्याकडे तो आवाज येत होता, "बोला, बोला, बोला... पाच आले, पाच आले, दहा म्हणा शेठ, दहा म्हणायला काय जीव जातोय काय!" एका लयीत, कीर्तनात टाळ धरावा तसा. गर्दी जवळ आली. मी झाकण उघडलं, मान खाली घातली. काचेत टोप्या आल्या, हात आले, आणि मधे एक माणूस आला, ट्रॉलीच्या फाळक्यावर एक पाय ठेवून उभा. एक व्यापारी कांदा उचलून वास घेत होता, फिरवत होता, पुन्हा वास घेत होता. वरचा माणूस म्हणाला, "शेठ, कांदा घ्यायचा हाय का सोयरीक जमवायची हाय? पोरगी बघायला आल्यावानी किती उलटापालटा करून बघता!" सगळा घोळका फुटला. तो व्यापारी हसला, कांदेवाला हसला, आणि तो माणूस स्वतः तोंड उघडून, डोकं मागे टाकून असा हसला की त्याचा बाजूचा एक दात पडलेला दिसला. मी बटण दाबलं. मनात म्हणाले, मिळाला चेहरा. आणि मान वर केली.

ते नाना होते.

आता तुम्ही म्हणाल, स्वतःच्या बापाला ओळखलं नाहीस? नाही ओळखलं. काचेत सगळं उलटं दिसतं हे एक. पण तेवढंच नव्हतं. हसताना मी त्यांना पाहिलंच नव्हतं कितीतरी दिवसांत. त्यांचा तो दात कधी पडला, मला माहीत नव्हतं. तो आवाजही माझ्या ओळखीचा नव्हता. खात्री करायला मी पुन्हा मान खाली घालून काचेत बघितलं, तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. दिवा मालवावा तसं हसू गेलं. पुकारा मधेच थांबला. एवढ्या मोठ्या यार्डात तेवढी एक जागा गप्प झाली. घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, "काय नाना, गळा बसला काय? का हिशेब इसरला?" नानांनी खाकरून पुन्हा सुरू केलं, "पाच आले, पाच..." पण ते नुसते आकडे होते. घोळका पुढे सरकला. त्यांनी वळून एकदा पाहिलं आणि गेले. मी त्या ट्रॉलीच्या आडोशाला उभी राहिले. हा माणूस सगळ्यांशी हसतो. व्यापाऱ्याशी, हमालाशी, ओळख ना पाळख अशा कुणाशीही. मी समोर आले की थांबतो. रोलमध्ये फोटो शिल्लक होते, मी त्या दिवशी पुढे एकही काढला नाही.

घरी आम्ही त्याबद्दल बोललो नाही. नाना आले, गुळण्या केल्या, काडी गालात धरली. "जेवलीस?" "हो." आता मला त्या काडीचा अर्थ कळत होता, दिवसभर ओरडलेला घसा तो. पण कळून काय उपयोग, उलट जास्तच वाईट वाटलं. आवाज सगळा तिकडे खर्चून टाकायचा आणि माझ्यासाठी काडी.

सरांच्या न्हाणीघरात तांबड्या दिव्याखाली तो फोटो ट्रेमध्ये उमटला तेव्हा आधी दात आला. म्हणजे पडलेल्या दाताची ती काळी फट. मग तोंड, मग डोळे, मग मागच्या टोप्या. सरांनी चिमट्यानं तो उचलला, पाणी निथळू दिलं आणि म्हणाले, "ही खुर्ची नाही." मी सांगितलं नाही कोण ते.

पुण्याचे पाहुणे आले त्या शनिवारी वर्ग भरलेला होता. ते उंच, शांत गृहस्थ हात मागे बांधून सुतळीच्या कडेनं चालत होते. माझ्या फोटोपाशी थांबले ते थांबलेच. मग म्हणाले, "हा फोटो ज्यानं काढलाय त्याचं आणि या माणसाचं काहीतरी नातं आहे. परक्यासमोर माणूस इतका मोकळा हसत नाही. हे हसू समोरच्यासाठी आहे." मागच्या बाकावर मी बसलेले.  मला ओरडून सांगायचं होतं की नाही, नाही हो, मी त्यांना दिसले नव्हते म्हणून ते हसत होते! पण रीत. बोलायचं नाही. ते आणखी बराच वेळ त्या हसण्याबद्दल बोलले, सगळे माना डोलवत होते. सरांनी विचारलं, "कुणाचा?" मी उभी राहिले. टाळ्या वाजल्या. मी फोटोचा चिमटा काढला, फोटो घेतला आणि जिन्यात येऊन बसले.

फिरोजभाई मागून आले. "अरे, टाळ्या मिळाल्या म्हणून कुणी रडतं का?" मग मी सांगून टाकलं. ते माझे वडील आहेत, आणि मला बघून ते हसायचे थांबले. फिरोजभाई एक पायरी खाली बसले. "माझी बायको काय म्हणते सांगू? दुकानात गिऱ्हाइकाशी साखर आणि घरी आला की बंद पडलेलं घड्याळ. मी घड्याळवाला, पण ते मला दुरुस्त नाही जमत." मग म्हणाले, "त्यांना दाखवला का फोटो?" मी मान हलवली. "मग आत्ता तो लोकांनी बघून काय फायदा?"

दुसऱ्या दिवशी रविवार. नाना बाजारात गेले होते. मी घरात कपड्यांच्या दोरीवर तो फोटो लावला, चिमट्यानं, अगदी क्लबात लावतो तसा. आणि स्टोव्हकडे तोंड करून भाकरी थापायला बसले. मनाशी ठरवलं, रीत ती रीत. ज्याचा फोटो त्यानं बोलायचं नाही.

नाना आले. पिशवी ठेवल्याचा आवाज झाला.  बाहेरून एक ट्रक गेला, भांडी वाजली. दुसरा गेला. माझी भाकरी तव्यावर करपायला लागली, तरी मी वळले नाही. आणि मग पाठीमागून आवाज आला, हळू, पण यार्डातला.

"ह्यो टोपीवाला हाय ना, विंचूरचा. लय खवट माणूस, पण त्या दिवशी हसला. आन् ह्यो मागं दिसतोय तो हमाल, त्याच्या पोरीचं लगीन होतं." ते बोलत होते. कडेच्या माणसाबद्दल, ट्रॉलीवाल्याबद्दल, फोटोत अर्ध्याच आलेल्या बैलाबद्दलसुद्धा. एकेकाला धरून सांगत होते, क्लबात सांगतात तसं. फक्त मधल्या माणसाबद्दल नाही. मी भाकरी उलटली. रीत पाळायची म्हणून गप्प होते.  मग नाना म्हणाले, "तू रडत का होतीस गं त्या दिवशी?"

मी वळले. "मी? कधी?"

"यार्डात. एवढ्या माणसांत एकटी मान खाली घालून उभी. बाकीची तुझी माणसं डोळ्याला कॅमेरा लावून बघत होती. तुझा तर पोटाशी. तुझी आई गेली तेव्हा तू तशीच उभी होतीस, दाराला टेकून. मला वाटलं, पोरगी इथं येऊन रडती आणि आपण हितं दात काढतोय." मग सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसून म्हणाले, "काय बोलावं सुचंना. घरी पण सुचत नाय. तुझी आई होती, ती बोलायची, मी हो म्हणायचो."

ती माझ्याच कॅमेऱ्याची करणी होती. त्यांनी तो कधी हातात घेऊन पाहिला नव्हता, मी कधी दाखवला नव्हता. "नाना," मी म्हटलं, "हा कॅमेरा वरून बघायचा असतो." आणि खुंटीवरचा काढून त्यांच्या गळ्यात पट्टा घातला, झाकण उघडलं. "आत बघा." मी भिंतीपाशी जाऊन उभी राहिले, पिठाचे हात तसेच. कॅमेऱ्यात रोल नव्हता. ते मी त्यांना सांगितलं नाही.

नाना खाली बघायला लागले. मी डावीकडे सरकले तर ते कॅमेरा उजवीकडे न्यायचे, मग चुकलं म्हणून परत. "पळती कुठं? उभी राहा की नीट," असं एकदा म्हणाले. मग मी हलले नाही आणि तेही हलले नाहीत. भाकरी करपल्याचा वास घरभर झाला होता. समोरून मला त्यांचा फक्त भांग दिसत होता, पांढरा झालेला, आणि कॅमेऱ्यावर धरलेले दोन्ही हात. ते आत बघतायत का रडतायत, समोरून कळत नव्हतं.